गोव्याची वाहतूक हवेतून मोजताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रोनने किंवा विमानातून रस्त्यावरची वाहतूक मोजता येते, एवढे आता बहुतेकांनी ऐकलेले असते. पुढचे प्रश्न मात्र पंचायत सदस्यांपासून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांपर्यंत आणि रोज म्हापसा-पणजी ये-जा करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे सारखेच असतात. त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. उदाहरणे गोव्यातल्या रस्त्यांची आहेत. जिथे ‘समजा’ म्हटले आहे तिथले आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत, ती प्रत्यक्ष मोजणी नव्हे.

हवाई दूरसंवेदन म्हणजे नेमके काय?

रस्त्याला किंवा वाहनाला कोणतेही यंत्र न लावता, वरून टिपलेल्या प्रतिमांवरून माहिती काढणे. कॅमेरा ड्रोनवर असेल, हेलिकॉप्टरमध्ये असेल किंवा विमानाच्या पोटाशी बसवलेला असेल. साध्या कॅमेऱ्याऐवजी उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा, लेझरने अंतर मोजणारे लायडार किंवा रडारही वापरता येते. वाहतुकीच्या कामात आज सर्वांत जास्त वापर ड्रोनवरच्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा होतो.

नाक्यावर माणसे बसवून गाड्या मोजता येतातच. मग वरून मोजायचे कशाला?

कारण नाक्यावरची मोजणी ‘किती गाड्या गेल्या’ एवढेच सांगते. किती गाड्या अडकून पडल्या होत्या, हे तिच्यातून कळत नाही.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा. वाहतूकशास्त्रात तीन राशी महत्त्वाच्या असतात. एका तासात एका ठिकाणावरून किती वाहने गेली, हा प्रवाह. एका किलोमीटरमध्ये एका क्षणी किती वाहने होती, ही घनता. आणि तिसरा वेग. घनता गुणिले वेग म्हणजे प्रवाह. आता समजा एका लेनमध्ये किलोमीटरमागे २० गाड्या आहेत आणि त्या ताशी ६० किमी वेगाने धावत आहेत. प्रवाह झाला तासाला १,२००. दुसऱ्या वेळी त्याच लेनमध्ये किलोमीटरमागे ८० गाड्या खेटून उभ्या आहेत आणि ताशी १५ किमीने सरकत आहेत. प्रवाह पुन्हा १,२००. रस्त्याकडेला वही घेऊन बसलेल्या माणसाच्या नोंदीत दोन्ही तास सारखेच दिसतात. गाडीत बसलेल्याला मात्र पहिल्या तासात किलोमीटरला एक मिनिट लागले आणि दुसऱ्या तासात चार.

घनता रस्त्यावर उभे राहून मोजणे फार कठीण. वरून एक फोटो काढला की ती थेट मोजता येते: रस्त्याची लांबी माहीत असते, त्यावरच्या गाड्या मोजायच्या. म्हणून कोंडीविषयी काही ठरवायचे असेल तर हवाई प्रतिमेला मी पहिली पसंती देतो. ‘या रस्त्यावरून अमुक हजार गाड्या जातात, म्हणून रुंदीकरण हवे’ हा युक्तिवाद ग्रामसभेत वारंवार ऐकू येतो, आणि तो अर्ध्या माहितीवर उभा असतो.

कोंडी नेमकी कुठे सुरू होते, हे कसे कळते?

या तंत्राचे खरे मोल इथेच आहे, म्हणून उत्तर थोडे लांब.

रांगेला तोंड असते आणि शेपूट असते. तोंडाशी कारण असते: दुभाजकातली यू-टर्नची फट, सर्व्हिस रोडवरून आत घुसणाऱ्या गाड्या, रस्त्यातच थांबणारी बस, चारच्या दोन होणाऱ्या लेन. शेपटाशी असतो मनस्ताप. आपण सगळे शेपटातून कोंडीत शिरतो, त्यामुळे तक्रार शेपटाच्या जागेची करतो. वाहतूक पोलीसही बऱ्याचदा तिथेच उभा केला जातो. तोंड मात्र दीड-दोन किलोमीटर पुढे असते आणि तिथल्या माणसाला रस्ता मोकळाच दिसत असतो, कारण तोंड ओलांडले की गाड्या सुसाट सुटतात.

त्यात भर म्हणजे कोंडी मागे सरकते. समोरच्याने ब्रेक मारला की मागचा मारतो, मग त्याच्या मागचा. हा थांबण्याचा धक्का वाहतुकीच्या उलट दिशेने लाटेसारखा जातो. महामार्गांवर त्याचा वेग साधारण ताशी १५ ते २० किमी आढळला आहे. म्हणजे पुढे एक गाडी क्षणभर आडवी झाली तर साधारण चार मिनिटांनी एक किलोमीटर मागे असलेली गाडी थांबते, आणि तोवर पुढचे कारण नाहीसेही झालेले असते. मागच्या चालकाला वाटते, विनाकारण थांबलो.

व्हिडिओमधून प्रत्येक गाडीचा मार्ग काढला की आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर रस्त्यावरचे अंतर घेऊन आलेख काढतात. प्रत्येक गाडीची एक रेघ. गाडी धावत असेल तर रेघ चढते, थांबली की आडवी होते. शेकडो रेघा एकत्र आल्या की आडव्या तुकड्यांचा एक तिरका पट्टा उमटतो आणि तो मागे मागे जाताना दिसतो. त्या पट्ट्याचे पुढचे टोक जिथे आणि ज्या मिनिटाला आहे, तिथला व्हिडिओ उघडायचा आणि काय घडले ते बघायचे. बांबोळीच्या उतारावर रांग लागली म्हणून कारण बांबोळीतच असेल असे नाही, ते मेरशीच्या बाजूला असू शकते. पर्वरीत उभ्या असलेल्या रांगेचे तोंड मांडवी पुलापलीकडे पणजीच्या प्रवेशावर असू शकते. ‘असू शकते’ आणि ‘आहे’ यांच्यातला फरक हा आलेख ठरवतो. एखाद्या ठिकाणी उड्डाणपूल बांधण्यापूर्वी तो काढलेलाच असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

हे तंत्र नवीन आहे का?

मुळीच नाही. अमेरिकेत बाल्टिमोर ते वॉशिंग्टन रस्त्यावरच्या वाहतुकीचे विमानातून फोटो घेऊन घनता मोजण्याचे काम १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाले. ओहायो राज्यात जोसेफ ट्रायटरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या छायाचित्रांवरून गाड्यांचे मार्ग हाताने काढले आणि मागे सरकणारी लाट कागदावर दाखवली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आजही शिकवला जातो. पुढे जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संस्थेने विमानाखाली तीन कॅमेरे बसवून उडता उडताच वाहतुकीची माहिती काढणारी यंत्रणा तयार केली.

ड्रोन आले आणि खर्च एकदम उतरला. आखेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जर्मन महामार्गांवरच्या सुमारे १,१०,५०० वाहनांच्या मार्गांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अथेन्स शहराच्या मध्यवस्तीवर १० ड्रोनचा थवा एकाच वेळी उडवून सुमारे १.३ चौरस किमी भागातले जवळपास पाच लाख मार्ग टिपले गेले. त्यात दुचाक्या, बस आणि टॅक्सी असा मिश्र कारभार होता, म्हणून आपल्यासाठी अथेन्सचे काम जास्त जवळचे.

आपल्याकडे लेन पाळली जात नाही. परदेशी पद्धत इथे कशी लागू होईल?

लेन पाळली जात नाही म्हणूनच वरून बघणे इथे जास्त गरजेचे आहे. रस्त्यात पुरलेली, गाड्या मोजणारी वायरची वेटोळी किंवा खांबावरचा कॅमेरा ‘एका लेनमध्ये एकामागे एक गाडी’ असे गृहीत धरतो. आपल्याकडे कारच्या डाव्या बाजूने भाड्याची स्कूटर, उजव्या बाजूने पायलट (मोटारसायकल टॅक्सी) आणि मध्ये उरलेल्या जागेत तिसरी दुचाकी असते. बाजूच्या कॅमेऱ्यात कदंबच्या बसआड त्या तिन्ही झाकल्या जातात. वरून त्या वेगवेगळ्या दिसतात.

हिशेब मात्र बदलावा लागतो. आपल्या देशात वेगवेगळ्या वाहनांना प्रवासी कार एककात, म्हणजे पीसीयूमध्ये, बदलून मोजण्याची पद्धत आहे: एक वाहन किती कारइतके धरायचे, ते ठरवतात. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ मध्ये तयार केलेले भारतीय महामार्ग क्षमता मार्गदर्शक, ज्याला सगळे इंडो-एचसीएम म्हणतात, ते आपल्या मिश्र वाहतुकीवरच बेतलेले आहे. याशिवाय हवाई प्रतिमेतून आणखी एक सरळ माप मिळते: रस्त्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी किती भाग वाहनांनी व्यापला आहे. लेन असो वा नसो, हे माप लागू पडते. कळंगुट-बागासारख्या रस्त्यावर मी किलोमीटरमागच्या गाड्यांपेक्षा या व्याप्तीवर जास्त विश्वास ठेवतो, कारण तिथे कडेला उभ्या केलेल्या गाड्या आणि चालणारी माणसेही रस्ता खातात.

ड्रोन किती उंचावरून उडवावा लागतो? स्कूटर दिसेल का?

दिसते. नेहमीच्या वाइड लेन्सचा, आडवा सुमारे ७४ अंशांचा पट्टा बघणारा कॅमेरा १२० मीटरवरून सरळ खाली रोखला तर सुमारे १८० मीटर लांबीचा रस्ता चौकटीत येतो. ४-के व्हिडिओत आडवे ३,८४० बिंदू असतात, म्हणजे एक बिंदू जमिनीवरच्या पावणेपाच सेंटीमीटरचा. चार मीटरची कार साधारण ८५ बिंदू लांब आणि स्कूटर चाळीसेक बिंदू लांब दिसते. संगणकाला ओळखायला एवढे पुरते.

अडचण लांबीची असते. १८० मीटरमध्ये एखादे सर्कल मावते, रांग मावत नाही. दोन किलोमीटरची रांग बघायची तर ड्रोन तिरपा रोखावा लागतो, किंवा तीन-चार ड्रोन थोडा भाग सामाईक ठेवून एकाच वेळी उडवावे लागतात, किंवा रांगेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारून दर काही मिनिटांनी घनता घ्यावी लागते. आपल्यासारख्या छोट्या राज्यात बहुतेक कामांना शेवटचा मार्ग पुरेसा आहे.

वेग कसा काढतात? तो किती अचूक असतो?

आधी व्हिडिओ स्थिर करतात. ड्रोन वाऱ्यावर हलतो, त्यामुळे उभी गाडीही सरकल्यासारखी दिसते. रस्त्यावरचे न हलणारे खुणेचे बिंदू, जसे झेब्रा क्रॉसिंगचे कोपरे, दुभाजकाची टोके किंवा चेंबरची झाकणे, व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) एकमेकांवर बसवतात. मग त्याच बिंदूंची जमिनीवर मोजलेली जागा वापरून चित्रातले अंतर मीटरमध्ये बदलतात. सेकंदाला ३० चौकटींच्या व्हिडिओत ताशी ६० किमीने जाणारी गाडी एका चौकटीत सुमारे ५६ सेंटीमीटर पुढे जाते. एका चौकटीवरून वेग काढला तर बिंदूभर चुकीनेही आकडा उड्या मारतो. म्हणून अर्ध्या-एक सेकंदाची सरासरी घेतात.

दोन चुका हमखास होतात. एक उंचीची. कॅमेरा वाहनाचे छत बघतो, चाके नाही. १२० मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याच्या बरोबर खालून ९० मीटर बाजूला, चौकटीच्या कडेशी, ३.२ मीटर उंच बस असेल तर तिचे छत रस्त्यावरच्या खऱ्या जागेपेक्षा जवळजवळ अडीच मीटर बाहेर सरकलेले दिसते. बस शेजारच्या लेनमध्ये आहे असा निष्कर्ष निघतो. यावर उपाय म्हणजे चौकटीची कड सोडून मधला भाग वापरायचा, किंवा वाहनाच्या प्रकारानुसार उंची धरून जागा दुरुस्त करायची.

दुसरी चूक पुलांवर होते आणि आपल्याकडे पूल कमी नाहीत. ड्रोनमधला उंचीचा आकडा उड्डाण केलेल्या जागेपासूनचा असतो. समजा जुवारीच्या काठावरून ड्रोन १२० मीटर वर नेला आणि पुलाचा रस्ता काठापेक्षा २० मीटर उंच आहे. रस्त्यापासूनची खरी उंची १०० मीटरच राहिली. १२० धरून हिशेब केला तर ताशी ५० किमीची गाडी ६० ने धावताना दिसेल. पुलावर खुणेचे बिंदू घेऊनच मोजायचे, यंत्राच्या उंचीवर विसंबायचे नाही.

वेगाच्या सरासरीविषयीही सांगायला हवे. रस्त्याकडेच्या रडारसमोरून एक गाडी ताशी ६० ने आणि एक २० ने गेली तर तो सरासरी ४० सांगतो. पण एक किलोमीटर पार करायला पहिलीला एक मिनिट आणि दुसरीला तीन लागतात. प्रवासाच्या वेळेशी जुळणारी सरासरी ३० आहे. लांबीभर एकाच वेळी बघणाऱ्या हवाई मोजणीतून ही दुसरी सरासरी आपोआप मिळते.

उपग्रहाने हेच काम होणार नाही का?

थोडे होते. इस्रोच्या २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ च्या प्रतिमेतला एक बिंदू जमिनीवरच्या सुमारे पाव मीटरचा असतो, त्यातून कार मोजता येतात. पण असा उपग्रह एका जागेवरून काही सेकंदांत निघून जातो आणि बरेचसे उपग्रह दिवसाच्या ठरलेल्या वेळीच, बहुधा सकाळी दहा-साडेदहाच्या आसपास येतात. आपली कोंडी नऊला आणि सहाला. रडार उपग्रह ढगांतून बघतात, मात्र त्यांच्या प्रतिमेत धावती गाडी रस्त्यापासून बाजूला सरकलेली उमटते. त्या सरकण्यावरून वेग काढता येतो आणि जर्मनीच्या टेराएसएआर-एक्सवर तसे प्रयोग झालेही आहेत, पण दुचाकीच्या बाबतीत ते निरुपयोगी.

वर्षानुवर्षांचा बदल बघायचा असेल, उदाहरणार्थ मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर धारगळच्या आसपास रस्त्यांचे जाळे कसे बदलले, तर उपग्रहच योग्य.

मोबाइलच्या नकाशावर लाल रेघ दिसतेच की!

ती रेघ फोनच्या हालचालीवरून काढलेला वेग दाखवते, आणि घरून निघायचे की नाही हे ठरवायला ती उत्तम. पण लाल म्हणजे संथ, एवढेच. त्या संथपणात ४० गाड्या आहेत की ४००, बस किती, दुचाक्या किती, कोण कुठून आत घुसले, हे तिच्यात नसते. दोन्ही माहिती एकत्र वापरावी: लाल रेघ कुठे आणि कधी उडायचे ते सांगते, ड्रोन कारण दाखवतो.

पावसाळ्यात काय?

जून ते सप्टेंबर बहुतेक साधे ड्रोन घरीच राहतात. पाण्याने मोटारी आणि कॅमेरा बिघडतो, वारा आवरत नाही, पावसाच्या सरींमुळे चित्र धूसर होते आणि ओल्या डांबरावर हेडलाइटचे प्रतिबिंब गाडी म्हणून मोजले जाते. पाणी सहन करणारे ड्रोन मिळतात, पण महाग.

याचा परिणाम गंभीर आहे. चवथीच्या आधीची बाजाराची गर्दी, खड्ड्यांमुळे होणारी कोंडी, अनमोड घाटात दरड आल्यावर अडकलेले ट्रक, हे सगळे याच काळात घडते. फक्त डिसेंबर-जानेवारीच्या उड्डाणांवर रस्त्याचे नियोजन केले तर अर्धे वर्ष नजरेआड राहते. पावसाळ्यासाठी इमारतीच्या गच्चीवरचा किंवा उंच खांबावरचा कॅमेरा वापरावा. उंची कमी असली तरी पद्धत तीच लागू पडते.

रात्री मोजता येते का?

हो. उजेड असलेल्या रस्त्यावर साधा कॅमेराही चालतो, नसेल तर थर्मल. थर्मल कॅमेरा इंजिनाची आणि टायरची ऊब बघतो. एप्रिल-मे महिन्यांत डांबर रात्री उशिरापर्यंत तापलेले असते. मग गाडीचे छत रस्त्यापेक्षा थंड दिसते, म्हणजे तेजस्वी ठिपक्याऐवजी काळा ठिपका. संगणकाला हे आधी शिकवलेले नसेल तर संध्याकाळच्या गाड्या तो गाळतो.

गोव्यात ड्रोन उडवायला परवानगी लागते का?

ठिकाणावर अवलंबून. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेला आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते, लाल विभागात केंद्र सरकारची.

गोव्यात हे सोपे नाही. दक्षिणेला दाबोळी, तोही नौदलाचा आयएनएस हंसा तळ. उत्तरेला मोपा. पणजीसमोर वेरेंला आयएनएस मांडवी. दोन विमानतळांभोवतीची वर्तुळे काढली तर या छोट्याशा राज्याचा बराच भाग व्यापला जातो, आणि जुवारीचा पूल दाबोळीपासून सरळ रेषेत फार दूर नाही. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघायचा. नकाशा बदलतो, मागच्या महिन्याच्या आठवणीवर जाऊ नये. ड्रोनची नोंदणी आणि त्याचा ओळख क्रमांक लागतो, तसेच कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायासाठी नसेल तर प्रमाणपत्रातून सूट आहे.

नियमापलीकडचीही एक काळजी घ्यायला हवी. चालत्या वाहतुकीच्या डोक्यावर ड्रोन तरंगत ठेवू नये. पंखा निकामी झाला तर तो दुचाकीस्वारावर पडेल. रस्त्यालगतच्या मोकळ्या शेतावर किंवा पाण्यावर तीसेक मीटर बाजूला उभा ठेवून कॅमेरा थोडा कलता करायचा. अचूकता किंचित कमी होते. ती होऊ द्यावी.

माझ्या गाडीचा नंबर दिसतो का? यातून चलन येईल का?

१२० मीटरवरून सरळ खाली बघणाऱ्या वाइड लेन्सच्या कॅमेऱ्यात नंबर दिसत नाही. पाटी उभी असते, आणि कारच्या पाटीवरचे अक्षर साडेसहा सेंटीमीटर उंच, म्हणजे दीड बिंदूही भरत नाही. चेहराही दिसत नाही, हेल्मेट दिसते. मेरशी जंक्शनसारख्या ठिकाणचे सिग्नलवरचे कॅमेरे वेगळ्या कामाचे आहेत. ते नंबर वाचण्यासाठीच बसवलेले असतात.

तरीही खासगीपणाचा प्रश्न मिटत नाही. मार्ग घराच्या फाटकापासून सुरू झाला तर नंबराविना माणूस ओळखता येतो. लहान वाड्यावर तर नक्कीच. म्हणून मोजणी करणाऱ्याने आधीच काही गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्यात: व्हिडिओ किती दिवसांनी पुसला जाईल, मार्गांची घराजवळची टोके कापली जातील का, झूम लेन्स वापरली जाणार नाही ना. प्रवाह मोजायला दिलेली परवानगी माणसे पकडायला वापरली, तर पुढच्या वेळी गाव ड्रोन उडवू देणार नाही. त्यात गावाचे चुकलेले नसेल.

कोणत्या दिवशी, किती वेळ मोजावे?

रांग लागण्याआधीपासून ती विरेपर्यंत. एका बॅटरीवर ड्रोन वीस-पंचवीस मिनिटे काम करतो, म्हणून दोन ड्रोन आळीपाळीने वापरतात. जमिनीवरून तारेने वीज घेणारे ड्रोन तासन्‌तास एका जागी राहू शकतात. सर्कलच्या अभ्यासाला ते फार चांगले.

दिवसाविषयी. भारतीय रस्ते काँग्रेसचे ग्रामीण रस्त्यांवरच्या वाहन गणनेचे १९७२ चे मार्गदर्शक वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस गणना करायला सांगते: एकदा पीक काढणी आणि बाजाराच्या हंगामात, एकदा मंदीत. देशाच्या बहुतेक भागांना हे लागू. गोव्याचा हंगाम वेगळा. किनारपट्टीचा हंगाम डिसेंबरचा शेवटचा आठवडा, पणजीचा शनिवार-रविवारची संध्याकाळ, पेडण्याचा विमानांच्या वेळा, कुडचडे-सावर्डे भागाचा खाणीचे ट्रक चालू असतानाचा, आणि प्रत्येक गावाचा स्वतःचा जत्रेचा. एका आठवड्याच्या मोजणीवर साऱ्या राज्याचे निष्कर्ष काढू नयेत.

संगणकाला गाडी कशी ओळखता येते?

हजारो चित्रांत गाड्यांभोवती चौकोन आखून त्याला शिकवतात. योलो नावाच्या कुळातली प्रारूपे सध्या जास्त वापरात आहेत. ओळखलेली गाडी पुढच्या चौकटीत कोणती, हे जुळवायला काल्मन फिल्टरसारखी गणिती पद्धत वापरतात. तयार प्रारूप बहुधा बाजूने काढलेल्या फोटोंवर शिकलेले असते. त्याला वरून दिसणारी दोन स्वारांची स्कूटर कळत नाही. निदान काहीशे चित्रे आपल्याच रस्त्यांची, आपल्या रिक्षा, पिकअप आणि मिनीबससह, हाताने आखून द्यावीत. आणि काही मिनिटांची हातमोजणी करून संगणकाचा आकडा पडताळल्याशिवाय तो कुठेही छापू नये.

आमच्या रस्त्यावर माड आणि वडाची सावली आहे. तिथे चालेल?

नाही. सासष्टीतले किंवा बार्देशच्या आतल्या भागातले पुष्कळ रस्ते वरून नुसते हिरवे दिसतात. तिथे माणूस आणि वही हाच मार्ग बरा.

कॉलेजातल्या मुलांनी सुरुवात कुठून करावी?

फेरीधक्क्यापासून. महामार्ग नंतर. रायबंदर-चोडण फेरीसाठी लागणारी रांग बघा: एकच रस्ता, एकच तोंड, आणि फेरी सुटली की रांग एकदम काही गाड्यांनी कमी होते. आधी नकाशावर परवानगी तपासा. मग दर दोन मिनिटांनी एक फोटो घ्या, रांगेतल्या दुचाक्या आणि चारचाक्या मोजा, फेरी सुटल्याची वेळ लिहा. रांगेतली शेवटची गाडी कोणत्या फोटोत आली आणि कोणत्या फेरीने गेली हे जुळवले की प्रत्येकाला किती थांबावे लागले ते निघते. नकाशासाठी क्यूजीआयएस आणि चित्रांवरच्या कामासाठी ओपनसीव्ही ही दोन मोफत साधने पुरेत. या एका अभ्यासातून प्रवाह, घनता आणि थांबण्याचा वेळ हे तिन्ही हाताने शिकता येते, आणि नदीपरिवहन खात्यापुढे ठेवण्याजोगा आकडाही मिळतो.

ही माहिती कोणाकडे असावी?

सरकारी पैशाने उड्डाण झाले असेल तर निकाल सर्वांसाठी खुला असावा. मूळ व्हिडिओ नको, त्यातून काढलेली घनता, वेग आणि रांगेची लांबी हवी, तारीख, वेळ आणि हवामानासह. नवा जुवारी पूल डिसेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२३ असा दोन टप्प्यांत खुला झाला. अशा प्रत्येक टप्प्याच्या आधी आणि नंतर आगशी आणि कुठ्ठाळी या दोन्ही काठांवरची घनता मोजून जाहीर केली, तर पुलाने रांग संपवली की पुढच्या जंक्शनवर नेऊन ठेवली, हे कोणालाही तपासता येईल. पर्वरीचा उन्नत मार्ग खुला होताना हे करता येण्यासारखे आहे. मात्र ‘आधी’ची मोजणी आधीच झालेली हवी, आणि ती एका हंगामाची नसावी.